फुटबॉलचे बूट, मैदान आणि दुखापती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉलमधल्या दुखापतींची चर्चा बहुतेक वेळा टॅकलपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. गुडघ्याचे मुख्य लिगामेंट (अस्थिबंध), म्हणजे एसीएल, मात्र बऱ्याचदा कोणाचा धक्का न लागताच तुटते. खेळाडू एकटाच वळतो आणि खाली बसतो. अशा वेळी बुटाच्या तळव्याखाली कोणते स्टड (पकडीसाठीचे उंचवटे) होते आणि स्टडखाली कोणती जमीन होती, हे विचारायला हवे. खालचे प्रश्न टर्फ (कृत्रिम गवताचे मैदान) बुक करून खेळणाऱ्यांचे, क्लबच्या खेळाडूंचे आणि पालकांचे आहेत.

घसरणे जास्त धोक्याचे की पाय अडकणे?

अडकणे. घसरलात तर खरचटते, फार तर जांघेतला स्नायू ओढला जातो. पण स्टड रुतून पाऊल जागच्या जागी राहिले आणि वरचे शरीर वळले, तर वळण्याचा सगळा जोर घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. गुडघा जेमतेम वाकलेला, आतल्या बाजूला कललेला आणि पाऊल जमिनीला खिळलेले, ही एसीएल तुटण्याची नेहमीची स्थिती आहे.

पकड दोन तऱ्हेची असते. पळताना, थांबताना लागते ती सरळ पकड आणि पाऊल वळवताना जमीन जो विरोध करते ती वळणाची पकड. पहिली हवीच, दुसरी बेताची हवी. जाहिराती पहिलीच्या होतात, किंमत गुडघा दुसरीची मोजतो.

ही गोष्ट नवी नाही. 1970च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या शाळांमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे जुने बूट बदलले गेले. जुन्या बुटांना सुमारे 19 मिमीचे सात स्टड होते. त्यांच्या जागी सुमारे 9.5 मिमीचे चौदा आखूड स्टड असलेले सॉकरचे, म्हणजे आपल्या फुटबॉलचे, बूट आले आणि गुडघ्याच्या दुखापती घटल्या. 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अमेरिकी अभ्यासात तळव्याच्या कडेने लांब, वेडेवाकडे स्टड असलेल्या बुटांची वळणाची पकड सर्वांत जास्त भरली आणि एसीएलच्या दुखापतीही त्याच बुटांत जास्त निघाल्या.

एफजी, एसजी, एजी, टीएफ, आयसी: खोक्यावरच्या या अक्षरांचा अर्थ काय?

बूट कोणत्या जमिनीसाठी बनवला आहे ते ही अक्षरे सांगतात. रंग आणि खेळाडूचे नाव पाहण्याआधी ती वाचावीत.

एफजी (फर्म ग्राउंड): घट्ट, पण गवत असलेल्या नैसर्गिक मैदानासाठी. तळव्याबरोबरच साच्यात ओतलेले दहा-बारा स्टड, लांबी साधारण 8 ते 12 मिमी. दुकानात सर्वांत जास्त हेच दिसतात आणि चुकीच्या जागी सर्वांत जास्त हेच वापरले जातात.

एसजी (सॉफ्ट ग्राउंड): ओल्या, मऊ मैदानासाठी. सहा किंवा आठ स्टड, त्यांतले काही किंवा सगळे स्क्रूचे, धातूचे, लांबी 11 ते 16 मिमीच्या आसपास.

एजी (आर्टिफिशियल ग्राउंड): रबराचे दाणे भरलेल्या लांब पात्यांच्या कृत्रिम गवतासाठी. स्टड संख्येने जास्त, आखूड, बहुतेक गोल आणि कधी आतून पोकळ. भार जास्त ठिकाणी वाटला जातो आणि वळताना पाऊल सुटते.

टीएफ (टर्फ): तळव्यावर रबराच्या बारीक गुठळ्या, चार-पाच मिमीच्या. आखूड टर्फ, टणक माती आणि मुरूम या तिन्हींवर चालतात.

आयसी (इनडोअर कोर्ट): सपाट रबरी तळवा. लाकडी किंवा सिमेंटच्या फुटसाल कोर्टसाठी.

एकच जोडी घ्यायची तर कोणती?

आठवड्याचा खेळ भाड्याच्या टर्फवर किंवा टणक मैदानावर होत असेल, तर टीएफ. शहरातल्या बहुतेक हौशी खेळाडूंना हेच लागू आहे. चांगल्या, दाणे नीट भरलेल्या मोठ्या टर्फवर अकरा-अकराचे सामने नियमित खेळत असाल तर एजी. एफजी ही दुसरी जोडी असावी, गवताच्या मैदानासाठी राखून ठेवलेली.

एफजी बूट टर्फवर चालतात ना? सगळे तेच घालतात.

चालतात असे दिसते, कारण पकड छान मिळते. नेमकी तीच अडचण आहे. नैसर्गिक मैदानात जोर फार झाला की मातीचे ढेकूळ निघते, गवत उपटले जाते आणि पाय मोकळा होतो. कृत्रिम पाती खालच्या कापडाला विणून चिकटवलेली असतात, ती उपटली जात नाहीत. लांब स्टड पात्यांत आणि दाण्यांत शिरला की सुटायचे कोणी हा प्रश्न उरतो आणि उत्तर बहुधा लिगामेंट देते.

उलट, दाणे कमी आणि खाली काँक्रीट असेल तर स्टड शिरतच नाहीत. दहा-बारा टोकांवर पूर्ण वजन पडते, तळव्याला एकेक स्टड टोचतो, टाच आणि चवडा दुखू लागतो. शिवाय बुटाचा तळवा वाकून तडकतो. एफजी बूट कृत्रिम गवतावर वापरल्यास अनेक कंपन्या वॉरंटी देत नाहीत.

ब्लेड (पात्यासारखे चपटे) स्टड वाईट आणि गोल स्टड चांगले, हे खरे का?

सरसकट नाही. ब्लेडची लांबी, संख्या आणि दिशा पाहावी लागते. तत्त्व मात्र साधे आहे: गोल स्टड कोणत्याही दिशेने वळताना सारखाच विरोध करतो, ब्लेड आडव्या बाजूने जास्त. चवड्याखाली उभ्या-आडव्या ब्लेडची दाटी असेल तर पाऊल वळवणे जड जाते. पूर्वी घोटा मुरगळलेला किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झालेले असेल तर गोल, आखूड स्टड घ्या, यात फार विचार करण्यासारखे काही नाही.

बूट आणि मैदान जुळते का हे पाहण्याची एक सोपी पद्धत: वॉर्मअपनंतर एका पायाच्या चवड्यावर उभे राहा, टाच किंचित उचला, गुडघा थोडा वाकवा आणि पूर्ण शरीरासह हळू वळा. चवडा बरोबर फिरला पाहिजे. शरीर वळले आणि पाऊल जागीच राहून गुडघ्यात पीळ जाणवला, तर त्या मैदानासाठी तो बूट नको. हे हळूच करायचे, वेगात नाही.

कृत्रिम गवतावर दुखापती जास्त होतात का?

उत्तर कोणत्या टर्फबद्दल विचारता त्यावर आहे. युरोपातल्या अव्वल क्लबांवर केलेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकूण दुखापतींत मोठा फरक आढळला नाही. घोटा मुरगळण्याचे प्रमाण मात्र सामन्यांत कृत्रिम गवतावर जास्त होते: दर हजार तासांना 4.83, नैसर्गिक गवतावर 2.66. पण तो चांगल्या देखभालीचा, दाणे भरलेला टर्फ होता. सोसायटीमागच्या टर्फला तो निकाल लावता येत नाही.

फिफाच्या दर्जा चाचणीत स्टड लावलेली वजनदार चकती मैदानावर ठेवून फिरवतात आणि फिरवायला किती जोर लागतो ते मोजतात. 2015च्या नियमावलीत वरच्या ‘क्वालिटी प्रो’ दर्जासाठी ही मर्यादा 30 ते 45 न्यूटन-मीटर आणि ‘क्वालिटी’ दर्जासाठी 25 ते 50 होती. किमान मर्यादा जशी आहे तशी कमालही आहे, हे लक्षात घ्या. धक्का शोषण्याची चाचणी वेगळी होते. वरच्या दर्जाचे प्रमाणपत्र वर्षभराचे, दुसरे तीन वर्षांचे. एकदा घातलेला टर्फ कायम सुरक्षित राहतो असे कोणीच मानत नाही.

खेळाडूंची नाराजी वेगळीच आहे. 2015चा महिला विश्वचषक कॅनडात पूर्णपणे कृत्रिम गवतावर झाला, तेव्हा आघाडीच्या खेळाडूंनी आधी कायदेशीर तक्रार केली होती. नेदरलँड्सच्या वरच्या लीगने 2025-26च्या हंगामापासून कृत्रिम मैदाने बंद केली. आपल्याकडे मात्र मुंबईतल्या कूपरेजपासून म्हापशाच्या धुळेर स्टेडियमपर्यंत कृत्रिम गवत आहे. पावसाचे चार महिने आणि दिवसाला अनेक सामने पाहता त्याला लगेच पर्याय नाही. त्यामुळे टर्फ हवा की नको यापेक्षा तो कसा राखला आहे, हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

भाड्याचा टर्फ चांगला आहे की नाही, हे पाच मिनिटांत कसे ओळखावे?

सुरुवात गोलसमोरच्या जागेपासून करा. तिथे आणि पेनल्टीच्या ठिपक्यावर दाणे सर्वांत आधी उडतात. बोटाने पाती बाजूला करा. वर उघडी दिसणारी पाती साधारण 15 ते 20 मिमी असावीत, त्याखाली रबराचे काळे दाणे आणि तळाला वाळू. नख थेट कापडाला लागले तर तिथे गादी उरलेली नाही. मग हाच प्रयोग कोपऱ्यात करा. कोपऱ्यात दाणे ढिगाने आणि गोलसमोर टक्कल, असे असेल तर ब्रश फिरवलेला नाही. एकाच मैदानात पायाला दोन वेगळ्या जमिनी लागतात आणि धोका त्या बदलातच असतो.

पाती एका दिशेला आडवी, चकचकीत झाली असतील तर त्या दिशेने पाय घसरेल आणि उलट दिशेने अडकेल.

पांढऱ्या रेषांवरून पाय घासत चाला. रेषा बहुतेकदा वेगळ्या कापून चिकटवलेल्या असतात. सांधा सुटला असेल, कड वर आली असेल तर स्टडचे टोक त्यात बरोबर जाते. अशी जागा दिसली तर चालकाला दाखवा आणि दुरुस्त होईपर्यंत तिथे कोन ठेवून खेळा.

जागच्या जागी दोन-तीन उड्या मारा. ठणठण आवाज आणि टाचेला झणका म्हणजे खाली काँक्रीट आहे, गादी नाही. अशा टर्फवर रोज खेळू नये.

बॉक्स क्रिकेटसाठी तोच टर्फ वापरला जातो, ही आपल्याकडची खास गोष्ट. चेंडूला उसळी मिळावी म्हणून काही ठिकाणी दाणे मुद्दाम कमी ठेवतात किंवा मधल्या पट्ट्यावर वेगळी चटई टाकतात. ती चटई फुटबॉलच्या वेळी उचललेली हवी.

शेवटी बाजूचे खांब. जाळी धरणारे लोखंडी खांब रेषेपासून हातभर अंतरावर असतील आणि त्यांना फोम गुंडाळलेला नसेल, तर बुटांची काळजी नंतर करा.

दुपारी टर्फवर खेळले तर काय होते?

कृत्रिम गवत उन्हात 60 अंश सेल्सिअसच्या वर सहज जाते. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून पाहा. टेकवत नसेल तर सराव सकाळी किंवा संध्याकाळी उशिरा घ्या. पाणी मारल्याने तापमान उतरते, पण उन्हात ते थोड्याच वेळात पुन्हा चढते. पायाला फोड येतात, बुटाचा गोंद सुटतो आणि दमलेला खेळाडू वळताना गुडघा सांभाळत नाही, म्हणजे दुखापत उन्हातून आडवळणाने येते.

मुरमाच्या मैदानावर काय घालावे?

टीएफ, दुसरा विचार नको. शाळांची आणि गावांची कित्येक मैदाने मुरमाचीच आहेत. वर सुटे खडे आणि खाली दगडासारखा थर अशी ती जमीन असते. स्टड आत जात नाहीत, खड्यांवरून घसरतात आणि अचानक कुठेतरी रुततात. एफजी घालून खेळणाऱ्यांना चवड्याच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या मागच्या हाडावर दुखू लागते. हे पाचवे मेटॅटार्सल. तिथे ठणका दोन आठवडे टिकला तर खेळ थांबवून एक्स-रे काढा. तिथला ताणाचा तडा वेळेवर सापडला नाही तर हाड पूर्ण मोडते, आणि तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने जुळायला फार वेळ लागतो.

मैदान सामन्याआधी झाडून, पाणी मारून, शक्य असल्यास रूळ फिरवून घ्यावे. पाणी आदल्या संध्याकाळी, सामन्याच्या तोंडावर नाही, नाहीतर वर निसरडे आणि खाली टणक असे सर्वांत वाईट मिश्रण तयार होते.

पावसाळ्यात चिखलात लांब स्टड घालायचे ना?

मऊ, खोल चिखल आणि खाली गवताची मुळे असतील तर हो. 1954च्या विश्वचषक अंतिम सामन्यात बर्नला पाऊस पडत असताना पश्चिम जर्मनीने बदलता येणारे स्क्रूचे स्टड वापरले आणि हंगेरीला 3-2 असे हरवले, ते अशाच जमिनीवर.

पण आपल्याकडचा बराचसा चिखल वरवरचा असतो. वर दोन बोटे राड, खाली घट्ट जमीन. त्यावर 15 मिमीचा धातूचा स्टड घातला तर माणूस उंच टाचांवर उभा असल्यासारखा डळमळतो आणि घोटा मुरगळतो. अंगठा जमिनीत दाबून पाहा: पेराएवढा सहज गेला तर एसजी, नाही गेला तर एफजी.

काळ्या मातीत आणखी एक त्रास असतो. स्टडमध्ये माती भरून तळवा सपाट होतो आणि स्टड असून नसल्यासारखे होतात. तळव्याला सामन्याआधी स्वयंपाकाचे तेल पातळ पुसून घेतले तर माती कमी चिकटते. खेळ थांबला की काडीने काढत राहा. हीच काळी माती मार्चनंतर भेगाळते. घोटा जाईल एवढी भेग मैदानात असेल तर ती माती-वाळूने बुजवल्याशिवाय सामना लावू नये.

स्क्रूचे स्टड प्रत्येक सामन्याआधी किल्लीने आवळा, आट्यांना थोडे ग्रीस लावा. एक स्टड गळालेला बूट घालून खेळणे हा घोटा मुरगळण्याचा हमखास मार्ग. कड धारदार झालेला धातूचा स्टड कानशीने गोल करा किंवा बदला. खेळाच्या चौथ्या नियमानुसार इतरांना धोका होईल असे साहित्य पंच चालू देत नाहीत.

नैसर्गिक गवत म्हणजे सुरक्षित, असे धरून चालायचे का?

नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये (हा वेगळा खेळ आहे) कोरड्या, टणक मैदानांवर एसीएलच्या दुखापती जास्त आढळल्या. बर्म्युडा गवताच्या मैदानांवरही रायगवतापेक्षा जास्त. ज्याला तिकडे बर्म्युडा म्हणतात ती आपली हरळी. तिचे धावते कोंब जमिनीलगत दाट जाळी विणतात आणि स्टड त्या जाळीत धरला जातो. भारतातल्या बहुतेक मैदानांवर हरळी किंवा तिच्याच सुधारित जाती आहेत, कारण आपल्या उन्हात त्याच टिकतात. म्हणून मैदान राखणाऱ्यांनी कोंबांची जाळी विंचरून काढणे, हंगामाआधी जमिनीला खोल भोके पाडून वाळू भरणे आणि सामन्याच्या आदल्या दिवशी पाणी देणे ही कामे टाळू नयेत.

कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने शाहू स्टेडियमवर एकामागून एक होतात. असा भार पडणाऱ्या कोणत्याही मैदानात हंगामाच्या शेवटी गोलसमोर आणि मध्यभागी गवत उरत नाही. डिसेंबरात जो एफजी बरोबर होता तो एप्रिलमध्ये त्याच मैदानावर चुकीचा असू शकतो.

मुलांना एक साइज मोठा बूट घेतला तर?

पैसे वाचतात, पाय आत घसरतो. बोटे पुढे आपटून नख काळे पडते आणि वळताना बूट थांबतो तेव्हा पाय आत फिरतो. अंगठ्यापुढे पाच ते दहा मिमी जागा पुरे. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो, आणि खेळायचे मोजे घालूनच मापा. आपल्याकडे रुंद चवडे खूप दिसतात. करंगळी बाहेरून दाबली जात असेल तर लांबी वाढवू नका, रुंद साचा शोधा.

साधारण 8 ते 14 वयात टाचेच्या मागे दुखणे फार दिसते. तिथे हाड अजून वाढत असते आणि पोटरीचा स्नायू त्याला ओढतो. स्टडच्या बुटांची टाच सपाट असल्याने ओढ वाढते. बुटात टाचेखाली पाच-सहा मिमीची गादी, पोटरीचे ताण, आणि धावण्याचा सराव साध्या स्पोर्ट्स शूजमध्ये, एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. मूल लंगडत असेल तर मात्र विश्रांतीच.

बारा वर्षांखालच्या मुलांना एसजी देऊ नका.

मुलींसाठी वेगळे काही पाहावे का?

हो. स्त्री खेळाडूंमध्ये एसीएल तुटण्याचे प्रमाण पुरुषांच्या दोन ते तीन पट आहे. त्यामागे शरीररचना, स्नायूंची ताकद, प्रशिक्षणाची संधी, मैदानाचा दर्जा अशी अनेक कारणे एकत्र आहेत, सगळा दोष बुटांवर टाकता येत नाही. पण बूट बहुतेक पुरुषांच्या पावलाच्या साच्यावर बनतात हेही खरे. स्त्रियांची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते, त्यामुळे चवड्याला बसणारा बूट टाचेत सैल पडतो. नाडी शेवटच्या जादा छिद्रातून ओढून टाच आवळा. तेवढ्याने भागले नाही तर बूट बदला. अलीकडे मुलींच्या पावलासाठी वेगळा साचा आणि वर्तुळाकार मांडलेले स्टड असलेले बूटही बाजारात आले आहेत.

घोट्यावर मोज्यासारखी कॉलर असलेले बूट घोटा वाचवतात का?

त्या विणलेल्या कॉलरमध्ये घोटा धरून ठेवण्याएवढी ताकद नसते. घोटा पूर्वी मुरगळला असेल तर नाडीचा ब्रेस किंवा नीट केलेले टेपिंग यांचा उपयोग होतो, आणि त्याहून जास्त एका पायावर तोल सांभाळण्याच्या सरावाचा: रोज प्रत्येक पायावर दोन-तीन मिनिटे, आधी डोळे उघडे, मग मिटून.

बूट-मैदान बरोबर असूनही दुखापत टाळायला आणखी काय?

फिफाचा ‘11+’ वॉर्मअप. वीस मिनिटे: आठ मिनिटे धावण्याचे प्रकार, दहा मिनिटे ताकद, तोल आणि उड्या, शेवटी दोन मिनिटे वेगात धाव. आठवड्यातून किमान दोनदा. तरुण खेळाडूंमधल्या अभ्यासांत नियमित करणाऱ्यांच्या दुखापती साधारण एक तृतीयांशाने घटल्या. महागड्या बुटांकडून एवढी अपेक्षा ठेवता येत नाही. उडीनंतर उतरताना गुडघे आत पडू देऊ नका, ते पायाच्या बोटांच्या रेषेत राहायला हवेत.

मुरगळले, आता एक्स-रे काढायचा का?

घोट्याच्या हाडांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबून दुखत असेल, पाचव्या मेटॅटार्सलच्या बुडाशी किंवा पावलाच्या आतल्या उंचवट्यावर दुखत असेल, किंवा लंगडत का होईना चार पावले टाकता येत नसतील, तर काढा. गुडघ्यात ‘कट्’ आवाज आला आणि काही तासांत सूज चढली, तर एसीएलचा संशय धरून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. मालीश करून, गुडघा ‘बसवून’ घेऊ नका. टर्फवर घासून साल निघाली तर साबण-पाण्याने दाणे धुऊन काढा. मातीत कापले असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते आठवा.

बूट कधी टाकून द्यावेत?

स्टड एका बाजूने झिजून तिरके झाले, टाचेचा कडक भाग बोटाने दाबल्यावर आत जाऊ लागला किंवा तळवा मध्येच घडी पडल्यासारखा वाकला की. टीएफमध्ये अंगठ्याखालच्या गुठळ्या आधी सपाट होतात. त्या निम्म्या झाल्या की ओल्या टर्फवर तो बूट वापरू नका. ओले बूट उन्हात किंवा हीटरजवळ वाळवले तर गोंद लवकर सुटतो. आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवा आणि दोन-तीन तासांनी कागद बदला.